धुतलेल्या भांड्यांचं मशीन

चौकात माझ्या घरमालकांचा श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागला आहे. निळं आभाळ, फेटा बांधलेला फोटो, दोन्ही बाजूंना समया आणि खाली ठळक अक्षरांत 'शिस्तप्रिय व काटेकोर व्यक्तिमत्त्व'. तो फेटा त्यांनी मुलाच्या लग्नात बांधला होता आणि मंगलाष्टकं संपायच्या आत उतरवून कापड किती मीटर आहे ते पाहिलं होतं. ग्रंथालयात जाता-येता मला त्या फ्लेक्सखालून जावं लागतं.

आधी काकू, म्हणजे यांच्या पत्नी, गेल्या तेव्हा मुलानं असाच एक फ्लेक्स सांगितला होता. दहाव्याच्या आदल्या दिवशी दुकानाचा माणूस तो घेऊन आला. यांनी अंगणात तो पसरला, चारी कोपऱ्यांवर विटा ठेवल्या आणि टेप लावला. रुंदीला चार बोटं कमी भरला. "परत घेऊन जा," ते म्हणाले. काकूंचा हसरा चेहरा गुंडाळून तो माणूस निघून गेला. दुसरा फ्लेक्स आलाच नाही.

तेव्हा काकूंचं राहून गेलेलं आणि यांचं जास्तीचं, दोन्ही मी इथं लिहिते आहे. सावकाश लिहिते आहे. गेलेल्या माणसाविषयी रागानं लिहिलेलं वाक्य दुसऱ्या दिवशी परत वाचून पाहावं लागतं. बहुतेक वाक्यं वाचून झाल्यावर मी तशीच ठेवली आहेत.

मी त्यांच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्यानं राहते. धाराशिवला ग्रंथपाल म्हणून आले आणि खोली बघायला गेले, तेव्हा त्यांनी माझ्या हातात टेपचं एक टोक दिलं. "जाहिरातीत दहा बाय बारा लिहिलंय. मोजून घ्या. उद्या म्हणाल फसवलं."

"असू द्या काका, विश्वास आहे," मी म्हणाले.

"विश्वास हे माप नाही, मॅडम. धरा टोक."

खोली दहा बाय बाराच भरली. काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला होता, आणि पदराआडून त्या हसत होत्या हे मला त्याच दिवशी कळलं. पुढं त्यांच्याशी माझं जे काही जमलं, ते त्या पदरामागच्या हसण्यावर.

ते वजनमापं तपासणाऱ्या खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. दुकानदारांचे काटे, वजनं, लिटरची मापं तपासायची आणि बरोबर असतील तर शिक्का मारायचा, हे त्यांचं काम. नोकरी सरकारनं थांबवली, त्यांनी नाही. खिशात एक पितळी वजन असायचं. आठवडी बाजारात भाजीवालीच्या इलेक्ट्रिक काट्यावर आधी ते वजन ठेवायचे आणि आकडा बघायचे, मग काटा उलटा करून खाली बघायचे. "शिक्का कुठाय?"

बाजारातल्या बायका त्यांना लांबूनच ओळखायच्या. "आला बघा शिक्का," असं एकीनं दुसरीला म्हटलेलं मी स्वतः ऐकलं आहे. एकदा एक म्हातारी वांगी टोपलीत परत टाकत म्हणाली, "साहेब, वांगी तोलाय आलाव का मला तोलाय आलाव? मला तोलायचं आसंल तर काटा मोठा आना." सगळा बाजार हसला. ते हसले नाहीत. काकू पिशवी घेऊन दोन टोपल्या पलीकडं उभ्या होत्या, जणू दुसऱ्याच कुणाच्या सोबत आल्या आहेत.

'शिक्का कुठाय?' हा प्रश्न त्यांनी कशाकशाला विचारला नाही? दवाखान्यातल्या थर्मामीटरला विचारला. दूधवाल्याच्या मापाला रोज विचारला. मुलीकडच्यांनी पत्रिकेत छत्तीस गुण जुळल्याचं सांगितलं, तेव्हा गुरुजींनाही विचारला. नोकरीत असताना ढोकीच्या बाजूला त्यांनी उसाच्या ट्रॅक्टरांचा एक वजनकाटा दिवसभर तपासला होता. लोकांना वाटलं, आता काहीतरी सापडणार. काटा अगदी बरोबर निघाला. त्याचं त्यांना जन्मभर वाईट वाटलं. ती गोष्ट ते सांगायचे तेव्हा शेवटी आवाज पडायचा, जवळचं कुणी गेल्यासारखा.

एका दिवाळीत मुलानं तेरखेड्याहून हजारांची फटाक्यांची माळ आणली. हे म्हणाले, हजार आहेत कशावरून? लक्ष्मीपूजनाला माळ ओसरीवर पसरून ते फटाके मोजत बसले. गल्लीतली पोरं आधी गंमत म्हणून बघत होती, मग कंटाळून घरी गेली. फटाके हजाराहून जास्त निघाले. मला वाटलं, आता तरी बरं वाटेल. तर ते जास्तच चिडले. "कमी देणारा चोर असतो. जास्त देणाऱ्याला मोजताच येत नाही, तो चोराहून वाईट." माळ त्यांनी वाजवू दिली नाही. पुरावा होता म्हणे. पुढच्या पावसाळ्यात पुरावा सर्दावला आणि काकूंनी तो गुपचूप कचऱ्याच्या गाडीत टाकला.

असल्या माणसाच्या घरी भांडी घासायला बाई टिकणं शक्यच नव्हतं. घासलेलं ताट ते उन्हात धरायचे, तिरकं करायचे, कडेवरून बोट फिरवायचे आणि बोट डोळ्यांसमोर आणायचे. शेवटची बाई मला चांगली आठवते. तिच्या हातून एकच पातेलं त्यांनी चार वेळा परत पाठवलं. पाचव्यांदा ती साबणाच्या हातानंच उठली. "साहेब, भांडं हाय ते, आरसा न्हाय. तोंड बघायचं तर आतल्या खोलीत जावा," असं म्हणून गेली ती परत आली नाही. तिनं आसपासच्या चार गल्ल्यांत सांगितलं असणार, कारण नंतर कुणीच आलं नाही.

मग भांडी काकूंकडं आली. आमच्याकडं नळाला पाणी आठवड्यानं येतं, बाकी सगळं बोअरवर, आणि बोअरचं पाणी असं क्षाराचं की बादलीच्या कडेला पांढरी कड धरते. त्या पाण्यानं आणि भांड्यांच्या पावडरीनं काकूंच्या हातांना आधी खाज सुटली, मग कातडी सोलली, मग बोटांच्या पेरांवर चिरा पडल्या. भाकरी थापताना पिठावर लाल ठिपका उमटायचा आणि त्या तेवढं पीठ खुडून बाजूला ठेवायच्या. चटणी वाटताना ओठ मिटून घ्यायच्या.

आणि त्याच दिवसांत त्यांच्या सुनेला दिवस गेले होते. काकू मूळच्या तेर गावच्या. त्यांच्या आईनं गावातल्या अर्ध्या बाळंतिणींना वाकळा शिवून दिल्या होत्या म्हणे. नातवंडाला पहिली वाकळ आपल्या हातची असावी, एवढी एकच हौस काकूंनी माझ्याजवळ बोलून दाखवली. जुन्या मऊ लुगड्यांचे थर टाकून त्यांनी ती सुरूही केली. पण सुई धरायला अंगठा आणि पहिलं बोट लागतं, आणि नेमकी तीच दोन बोटं फाटली होती. दोन-चार टाके झाले की सुई खाली ठेवायच्या.

"बोटं तेवढी भरून येऊ दी, मग बघ माय, कशी सरसर हुती," त्या म्हणायच्या.

सोलापूरला कातडीच्या डॉक्टरांना दाखवलं तेव्हा मीही सोबत होते. डॉक्टरांनी मलम लिहून दिलं आणि म्हणाले, "पण खरं औषध एकच. पाण्यात हात घालायचा नाही. तरच बरं होईल."

"किती वेळ?" यांनी विचारलं.

"अजिबात नाही."

"अजिबात हे माप नाही, डॉक्टर. मिनिटांत सांगा."

डॉक्टरांनी चष्मा काढून त्यांच्याकडं पाहिलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

हे फोनवर ऐकून मुलानं पुण्याहून भांडी धुण्याचं मशीन पाठवलं. आमच्या गल्लीतलं ते पहिलंच. कंपनीचा माणूस जोडून गेला, कोणतं बटण कशाचं ते सांगून गेला. यांना एकच बटण पटलं, 'आपोआप' लिहिलेलं. त्या बटणावर मशीनच्या पोटातला एक सेन्सर पाणी किती गढूळ आहे ते पाहतो आणि त्यावरून किती वेळ धुवायचं ते मशीन ठरवतं. "म्हणजे हे आधी मोजतं, मग धुतं," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात मी पहिल्यांदा आदर ऐकला. माणसाविषयी तो कधी ऐकला नव्हता.

चार दिवसांनी खंडेनवमी होती, आणि पूजा झाल्याशिवाय मशीन सुरू करायचं नाही असं यांनी ठरवलं. त्या दिवशी घरोघर हत्यारं-अवजारं पुजतात. त्यांच्याकडं जुनी पितळी वजनं आणि हातातला तराजू पाटावर मांडायचे. या वर्षी मशीनलाही हळदकुंकू लागलं, झेंडूचं फूल वाहिलं, नारळ फुटला. काकूंनी दुपारची ताटं गोळा केली आणि मशीनचं दार उघडलं, तर हे ओरडले.

"अगं, काय करतेस? खरकटं घालतेस आत? सकाळी पूजा केली ना त्याची?"

"मग काय घालू?" काकूंनी विचारलं.

"आधी भांडी नीट घासून घे. विसळून घे. मग घाल. यंत्र आहे ते, मोरी नाही."

हसू नका. मी तिथं होते. ज्या माणसानं दुधाच्या मापावर विश्वास ठेवला नाही, त्यानं झेंडूच्या एका फुलावर ठेवला. त्या दिवसापासून त्या घरातला नियम असा झाला: काकूंनी बोअरच्या पाण्यात भांडी घासायची, विसळायची, यांनी त्यावर बोट फिरवायचं आणि मग ती लखलखीत भांडी मशीनमध्ये जायची. मशीननं शिक्का मारायचा. हात वाचावेत म्हणून आलेल्या वस्तूनं काकूंचं काम रतीभरही कमी केलं नाही. उलट भांडी मशीनमध्ये लावायचं आणि काढायचं काम वाढवलं.

मी एकदा काकूंना म्हणाले, "ते झोपलेले असतात तेव्हा तशीच सरकवून द्या ना."

"मला बी लई वाटतंय गं. येसराच्या आमटीचं पातेलं जसंच्या तसं आत ढकलावं, दार लावावं अन् पाय पसरून बसावं." त्या क्षणभर खरोखरच तसं बसल्यासारख्या दिसल्या. "पर न्हाय माय. फूल वाहिलंय त्यांनी. त्यांच्या देवात उष्टं कसं घालू?"

यानंतर जे झालं ते कुणीही ओळखेल. यांना सोडून.

मशीनसोबतच्या पुस्तिकेत लिहिलं होतं की 'आपोआप' बटणावर दोन तासांहून जास्त वेळ लागू शकतो. आणि हे मशीन अर्ध्या तासात थांबायचं. दुपारी जेवणं उरकली की खाली ते सुरू व्हायचं, त्याची घरघर माझ्या फरशीला जाणवायची, आणि माझा चहा उकळून पिऊन व्हायच्या आत बंद. यांना संशय आला. त्यांनी सांडपाण्याचा पाइप बादलीत सोडला आणि ते पाणी काचेच्या ग्लासात घेऊन मला खाली बोलावलं.

"बघा. काय दिसतं?"

"पाणी," मी म्हणाले.

"नितळ पाणी. भांडी धुतलेलं पाणी नितळ असतं का? याचा अर्थ काय?"

"भांडी आधीच धुतलेली होती, असा—"

"याचा अर्थ मशीन धुतच नाही. सेन्सर खराब आहे. त्याला मळ दिसतच नाही."

"काका, आत मळ नसतोच. काकू आधी घासतात ना सगळं."

"मॅडम, तुम्ही पुस्तकं सांभाळा," ते म्हणाले. "घासलेलं भांडं वेगळं आणि स्वच्छ भांडं वेगळं. तो फरक कळायला नोकरी घालवावी लागते."

नोकरी त्यांनी घालवलीच होती, हे मला मान्य आहे.

कंपनीचा मेकॅनिक आला. त्यानं मीटर लावून सेन्सर पाहिला आणि म्हणाला, ठीक आहे. यांनी त्याच्या हातातलं मीटर काढून घेतलं, उलटं केलं. "याचा शिक्का कुठाय?" मेकॅनिकला प्रश्नच कळला नाही. "हे मीटर शेवटचं कुणी तपासलं? कधी तपासलं? नाही ना? मग याच्यानं तू माझा सेन्सर तपासणार?" मेकॅनिकनं हत्यारं पिशवीत भरली. काकूंनी केलेला चहासुद्धा न घेता तो गेला.

मग यांनी नवा सेन्सर ऑनलाइन मागवला आणि स्वतः बदलायला घेतला.

एखाद्यानं हे काम दुपारभरात केलं असतं. मशीनची वीज काढायची, पाण्याचा नळ बंद करायचा, आत राहिलेलं पाणी फडक्यानं टिपायचं, मशीन आडवं करायचं, बुडाचं झाकण खोलायचं. पाणी साठतं त्या खोलगट भागाच्या बाजूला सेन्सर असतो. अंगठ्याएवढं प्लॅस्टिक, पुढं दोन दांड्या. एका दांडीतून उजेड निघतो, दुसरीत तो पोचतो. मधल्या पाण्यात मळ असला तर उजेड कमी पोचतो. वायरीची चिमटी सोडवायची, सेन्सर थोडा फिरवून काढायचा, नवा तसाच फिरवून बसवायचा, रबरी कडी विसरायची नाही. मी हे एवढं सांगू शकते, कारण तो सोहळा दोन आठवडे चालला आणि मला रोज बोलावणं यायचं.

ज्वारीच्या रिकाम्या पोत्यांवर मशीन स्वयंपाकघराच्या मधोमध आडवं पडलं होतं, आजारी म्हशीसारखं. काकू त्याला वळसा घालून ओट्याकडं जायच्या, वळसा घालून मोरीकडं. त्या सगळ्या दिवसांत भांडी अर्थातच त्याच घासत होत्या. हे चटईवर बसून नवा सेन्सर न्याहाळत होते. बसवण्याआधी त्याची परीक्षा घ्यायची होती. एका ग्लासात साधं पाणी, एकात वरणाचं, एकात ताक, एकात चहा. कशातून किती उजेड पोचतो, हे ते मुलाकडून मागवलेल्या कसल्याशा मीटरवर पाहायचे. त्या मीटरवर मात्र शिक्का होता.

"आवो, जेवायला काय करू?" काकूंनी एकदा विचारलं.

"थांब. ताक झालं, आता आमटी बघायचीय."

"बघा बघा. त्यो सेन्सर जेवला की आपुन जेवू."

पहिल्यांदा बसवला तेव्हा रबरी कडी पोत्यावरच राहिली आणि स्वयंपाकघरभर पाणी झालं. ते पुसलं काकूंनी. दुसऱ्यांदा नीट बसला. मशीन उभं केलं, काकूंनी घासलेली भांडी आत लावली, 'आपोआप'चं बटण दाबलं. आम्ही तिघं समोर उभे. अर्ध्या तासात मशीन थांबलं. बादलीतलं पाणी नितळ.

"नवासुद्धा खराब," ते म्हणाले, आणि आणखी एक मागवला.

तिसऱ्या सेन्सरच्या वेळी ते टॉर्च घेऊन मशीनखाली आडवे झाले होते. काकू शेजारी उकिडव्या बसून स्क्रू ठेवलेली वाटी धरून होत्या. चिरा पडलेल्या बोटांना त्यांनी चिंध्या बांधल्या होत्या. त्या एकदम मशीनकडं बघत म्हणाल्या, "काय गं बाई, तुला मळ दिसत न्हाय व्हय? आं? काय म्हनतीस? मळ ठिवलाय कुठं म्हनतीस? ह्यांच्या बायकूनं ठिवला न्हाय म्हनतीस?"

मी हसू दाबलं. खालून आवाज आला, "गप बस. वाटी जवळ आण."

काकूंनी वाटी जवळ नेली आणि माझ्याकडं बघून पदर तोंडाला लावला.

सगळं काही त्या एका वाक्यात त्यांनी सांगून टाकलं होतं. मशीनला कळत होतं, मला कळत होतं, काकूंना तर पहिल्या दिवसापासून कळत होतं. त्या घरात बरोबर मोजणारी एकच वस्तू होती, आणि जन्मभर चुकीची मापं पकडणारा माणूस तिला चुकीची ठरवून पुन्हा पुन्हा उपटून काढत होता.

काकू गेल्या त्या सकाळी दूध तापत होतं. ओट्याजवळ खाली बसल्या, त्या बसल्याच. हृदय बंद पडलं असं डॉक्टर म्हणाले. हातांमुळं कुणी मरत नाही, हे मला कळतं. त्याचा दोष मी त्यांना देत नाही.

बायकांनी काकूंना न्हाऊ-माखू घातलं, हिरवं लुगडं नेसवलं. हिरव्या बांगड्या भरायची वेळ आली तेव्हा कुणीतरी बोटांच्या चिंध्या सोडल्या. चिरा उघड्याच होत्या. मी आत जाऊन मलमाची डबी आणली आणि एकेका बोटाला लावत बसले. "आता कशाला गं?" असं एकजण हळूच म्हणाली. मी लावून पूर्ण केलं. वाकळ आतल्या खोलीत घडी करून ठेवलेली होती, अर्धी शिवलेली, सुई तशीच टोचलेली.

तेरावं झालं. मुलगा बाळंतीण बायकोकडं पुण्याला परतला. "तुम्हीही चला," असं त्यानं विनवलं, हे गेले नाहीत. खानावळीचा डबा सुरू झाला. बाई कुणी येणार नव्हतीच. चार-पाच दिवस भांडी मोरीत साठत गेली. आयुष्यात त्यांनी कधी तांब्यासुद्धा विसळला नव्हता. एका रविवारी दुपारी मला खालून मशीनचा आवाज आला. मी चहा टाकला. चहा झाला, मशीन चालूच. मी गच्चीवरचे कपडे काढून आणले, घड्या घातल्या, एक प्रकरण वाचलं. चालूच. उन्हं कलली तेव्हा ते थांबलं. आणि लगेच हाक आली.

"मॅडम, खाली या. सेन्सर लागला!"

ते स्वयंपाकघरात उभे होते, काकू गेल्यापासून पहिल्यांदा दाढी केलेले. "मी बसवलेला तिसरा. बघितलंत? बसायला वेळ घेतला, पण लागला. आता कसा चालला! पुस्तिकेत लिहिलाय तसा."

मी वाकले. बादलीकडं पाहिलं. पाणी पिवळट, वर तेलाचे डोळे, तळाशी भाताची शितं. माझी नजर गेली तिकडं त्यांचीही गेली. त्यांनी सवयीनं ग्लास बुडवला आणि खिडकीच्या उजेडात धरला.

"गढूळ आहे," ते म्हणाले.

मग त्यांनी ग्लास फिरवून पुन्हा उजेडात धरला. मूर्ख होते ते, पण चुकीचं माप कुठं चुकलं हे शोधण्याचं काम त्यांनी तीस-पस्तीस वर्षं केलं होतं. त्या दोन पाण्यांत काय बदललं होतं? मशीन तेच. सेन्सर तोच. बटण तेच. घरातलं एकच माणूस कमी झालं होतं.

"पहिला सेन्सर कुठं टाकला मी?" त्यांनी विचारलं.

तो देवघराच्या फळीवर पितळी वजनांशेजारी होता. मुद्देमाल म्हणून जपलेला. त्याच संध्याकाळी त्यांनी मशीन एकट्यानं आडवं केलं, तिसरा सेन्सर काढला आणि मूळचा, त्यांनी खराब ठरवलेला, परत बसवला. दुसऱ्या दिवशीची खरकटी ताटं त्यावर चालवली. मी ग्रंथालयातून परतले तेव्हाही ते मशीनसमोर खुर्ची टाकून बसले होते आणि मशीन चालू होतं. मी जिन्याकडं वळले. त्यांनी हाक मारली नाही.

दयाळू लेखकानं इथं थांबावं. पण त्यानंतर त्यांनी जे केलं तेही त्यांच्या स्वभावाला धरूनच होतं, म्हणून सांगते.

मग थंडी वाढली. एके सकाळी मी भाडं द्यायला खाली गेले तर ते मोरीत उकिडवे बसून ताट घासत होते. जवळच्या पाटावर हातातलं घड्याळ काढून ठेवलेलं.

"मशीन बिघडलं का?" मी विचारलं.

"नाही."

"मग?"

"तिला किती वेळ लागायचा, ते मोजायचं राहिलं होतं."

मला त्यांची इतकी चीड तेव्हाही आली नव्हती, जेव्हा त्यांनी काकूंचा फ्लेक्स परत पाठवला. काकू असताना मोजलं नाही. बोटांतून रक्त येत असताना मोजलं नाही. डॉक्टरांना मिनिटं विचारली आणि घरी येऊन एकही मिनिट मोजलं नाही. आता मोजत होते! आणि मोजायचंच होतं तर एका सकाळीत मोजून झालं असतं. पण ते रोज घासत राहिले. सगळा हिवाळा. घासायचे, विसळायचे, मग ती धुतलेली भांडी मशीनमध्ये लावायचे. माझा चहा व्हायच्या आत मशीन थांबायचं. पाइप त्यांनी बादलीत सोडणं बंद केलं होतं. खिशातलं पितळी वजन खिशातच राहायचं. बाजारात आता कुणी त्यांना 'आला शिक्का' म्हणेनासं झालं. म्हातारा खचला, असं लोक म्हणायचे. मी तसं म्हणणार नाही. खचलेला माणूस कुणाला तरी सॉरी म्हणतो.

संक्रांतीच्या सुमाराला ते एकदा जिना चढून वर आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. दारातच उभे राहिले आणि दोन्ही हात पुढं केले. पेरांवर चिरा पडल्या होत्या, अंगठा आणि पहिल्या बोटावर सगळ्यात खोल.

"ती कोणतं मलम लावायची?"

डबी माझ्याकडंच होती. मी आणून दिली. त्यांनी ती उलटी केली नाही, तारीख पाहिली नाही, शिक्का शोधला नाही. झाकण उघडून नुसता वास घेतला.

"यानं बरं होतं?"

"पाण्यात हात घातला नाही तर होतं," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. डबी खिशात ठेवली आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरत खाली गेले. थोड्या वेळानं मोरीतला नळ सुटल्याचा आवाज आला.